आवलीची बाजू

संतचरित्रांनी तुकोबांच्या आवलीला कजाग ठरविले आणि आम्ही शिक्षकांनी वर्गात तेच गिरविले. वस्तुतः तिचा त्रागा आपणांस कळतो तो बव्हंशी तुकोबांच्याच अभंगांतून. म्हणजे फिर्याद पत्नीची, लेखणी मात्र पतीची. प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ (२०१७) या नाटकाने ती फिर्याद तिच्याच तोंडी दिली आहे. रंगमंचावर दोनच पात्रे: आवली आणि लखुबाईच्या रूपाने तिची सेवा करावयास आलेली रखुमाई. भंडारा डोंगरावर तुकोबांना भाकरी नेताना आवलीच्या पायात रुतलेला काटा विठ्ठलाने काढला, ही आख्यायिका येथे मूळ धरून आहे. परंतु काटा निघाला तरी संसाराची ठसठस उरतेच. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हे स्मरले म्हणजे आवलीचा भाकरीचा धोशा कजागपणाचा नव्हे, हे उमगते. एक उणीव मात्र जाणवते. तिच्या दुःखास प्रतिष्ठा मिळावी म्हणून शेजारी देवी उभी करावी लागली. एकटीचे असते तरी ते उणे नव्हते. तथापि भोपाळातील माझ्या वर्गात तुकोबा शिकविताना, डोंगरावरची ती भाकरी भाजली कोणी, हेही मी यापुढे विचारीन.