रेषेचे दोन प्रवास : औंधचे चित्रसंग्रहालय आणि किर्लोस्करवाडी

कला, निसर्ग, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांना एकत्र आणणारी प्रदर्शने अलीकडे वारंवार भरतात. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी चित्राशेजारी यंत्र मांडले की समन्वय साधला, अशी समजूत दिसते. हा समन्वय खऱ्या अर्थाने कोठे घडतो, याचा शोध घेण्यासाठी सातारा जिल्ह्यातील औंध आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही दोन स्थळे एकत्र पाहणे उद्बोधक ठरते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचाही अभ्यास केला. आपला संग्रह सर्वांना पाहता यावा म्हणून १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगराच्या मध्यावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारले. खटाव तालुक्याच्या पर्जन्यछायेतील उघड्या माळावरून डोंगर चढत प्रेक्षक येथे पोहोचतो. दालनांत नैसर्गिक प्रकाश येईल अशी इमारतीची योजना आहे. चित्र पाहण्याच्या अनुभवात निसर्गाचा सहभाग येथे बांधणीपासूनच गृहीत धरलेला आहे.

संग्रहात राजा रविवर्मा यांची 'सैरंध्री' आहे, धुरंधरांची चित्रे आहेत, पहाडी लघुचित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे 'माता आणि मूल' हे पाषाणशिल्पही आहे. परंतु मांडणीची पद्धत कलावंत, शीर्षक आणि शैली एवढ्यावरच थांबते. परिणामी या कलाकृतींमागील विज्ञान आणि तंत्र प्रेक्षकाच्या दृष्टीआड राहते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि त्यांच्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर पोहोचल्या. कुंचल्याइतकेच मुद्रणयंत्रही त्यांच्या कीर्तीचे कारण होते. हेन्री मूर हे गोटे, हाडे, शिंपले यांच्या आकारांचा बारकाईने अभ्यास करीत. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील गणिती प्रतिकृती पाहून त्यांनी १९३७ नंतर तारांची शिल्पे घडविली. औंधमधील पाषाणाकडे या संदर्भात पाहिले तर मातृत्वाच्या विषयापलीकडे दगडाचा स्वभाव आणि आकाराचे गणितही जाणवू लागते. हा संदर्भ मात्र प्रेक्षकाला स्वतःबरोबर आणावा लागतो.

या समन्वयाचा सर्वांत बोलका पुरावा संग्रहालयाबाहेर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले होते. रंगांतील भेद त्यांना पुरेसा कळत नाही असे आढळल्यावर त्यांनी रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखनकलेत ते प्रवीण झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी तो विषय शिकविला. १९१० साली औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकालगत दिलेल्या निवडुंगाने माजलेल्या ओसाड जमिनीवर त्यांनी कारखाना व वसाहत उभी केली. लोखंडी नांगर हे त्यांचे प्रमुख उत्पादन होते.

नांगर ही वस्तुतः एक आकृती आहे. फाळाचा बाक किती असावा, मातीचा थर कोणत्या कोनात उलटावा, बैलाच्या खांद्यावर भार किती पडावा, या प्रश्नांची उत्तरे प्रथम कागदावर रेखाटली जातात आणि नंतर ओतकामात उतरतात. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी सुरुवातीला हा नांगर घेण्यास तयार नव्हते. ही केवळ अडाणीपणाची कथा मानणे योग्य नव्हे. मातीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेले नाते नव्या आकाराला सहज मान्यता देत नाही. निसर्ग आणि तंत्रज्ञान यांतील खरा संवाद अशा संशयातूनच पुढे सरकतो. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली १९२० साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या नियतकालिकाने तर कारखान्याच्या परिसरातच वाङ्मयालाही स्थान दिले.

असे असूनही ही दोन स्थळे आज स्वतंत्रपणे पाहिली जातात. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले, कुंडलचा भाग सांगलीत गेला. एकाच आश्रयाखाली वाढलेली चित्रशाळा आणि कार्यशाळा यांच्यामध्ये प्रशासनाची सीमा आली. परंतु दोष केवळ सीमेचा नाही. कला ही जपून ठेवण्याची वस्तू आणि तंत्र ही वापरण्याची वस्तू, असा भेद अभ्यासकांनीही मुकाट्याने स्वीकारला आहे.

संस्थानी अभिरुचीच्या मर्यादा येथे नाकारण्याचे कारण नाही. पौराणिक विषयांचा आणि वास्तवदर्शी शैलीचा पगडा संग्रहावर स्पष्ट आहे, आणि त्यात श्रमणाऱ्या माणसाला मिळालेले स्थान मर्यादितच आहे. म्हणूनच एखाद्या दालनात नांगर आणि त्याचे रेखाचित्र मांडले गेले, तर संग्रहाची शोभा उणावणार नाही. उलट ज्याच्या करावर हे वैभव उभे राहिले, तो शेतकरी प्रथमच त्या दालनात प्रवेश करील.

तात्पर्य, कला आणि विज्ञान यांचा समन्वय दोन वस्तू शेजारी ठेवल्याने होत नाही. बारकाईने पाहणे आणि अचूक रेखाटणे या दोन्हींच्या समान मुळाशी गेल्यावरच तो आकळतो. महाविद्यालयांतून चित्रकलेचा, भौतिकशास्त्राचा आणि मराठीचा विद्यार्थी औंधला गेला, तरी तो सहसा आपापल्या सहलीबरोबर जातो. हे तिन्ही विद्यार्थी एकाच दिवशी, एकाच गाडीतून औंध आणि किर्लोस्करवाडी पाहतील, तर बहुविद्याशाखीय अध्ययन या शब्दाला काही प्रत्यक्ष अर्थ प्राप्त होईल.