कासवांचा कॅनकॅन: सँ-साँसचा सांगीतिक विनोद

फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस यांनी १८८६ मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ ही चौदा भागांची रचना केली. तिच्यातला विनोद केवळ प्राण्यांच्या नकलेत नाही, हे आधी लक्षात घ्या. ऑफेनबाखचा भरधाव कॅनकॅन ‘कासवे’ या भागात तंतुवाद्यांवर रेंगाळत वाजतो. बेर्लिओझच्या पऱ्यांच्या नृत्याची नाजूक धून ‘हत्ती’मध्ये डबल बासच्या खर्जात उतरते. धून ओळखीचीच, पण लय किंवा सप्तक बदलताच तिचा भाव उलटतो. म्हणून मूळ धुना आधी ऐका, नाहीतर गंमत अर्धीच कळेल. ‘पियानोवादक’ही इथे प्राण्यांतच मोडतात आणि बिचारे स्वरसप्तके घोटत बसतात. ‘जीवाश्म’मध्ये तर संगीतकार स्वतःच्याच ‘दान्स माकाब्र’ची थट्टा करतो.

आपल्या गंभीर प्रतिमेला धक्का बसेल, या भीतीने सँ-साँस यांनी हयातीत फक्त ‘हंस’ प्रकाशित होऊ दिला. संपूर्ण रचना त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये छापली गेली. हा निर्णय पटत नाही. चेलोवरचा ‘हंस’ कोणालाही चिमटा काढत नाही, आणि एवढ्या थट्टेनंतर येतो म्हणूनच त्याचे गांभीर्य अधिक भिडते. तो एकदा सुटा ऐका, मग क्रमाने तेराव्या जागी ऐका. फरक तुम्हालाच जाणवेल.