‘सिंहासन’ : खंजीर आणि बेरीज

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी केलेला ‘सिंहासन’ १९७९ साली आला. महाराष्ट्रात आघाडीचे सरकार डळमळू लागले की या चित्रपटाची आठवण निघते आणि साधूंना सारे आधीच दिसले होते, असे म्हटले जाते. मीही ते म्हणत आलो. आता हे वाचन मला अपुरे वाटते.

मुळात ‘सिंहासन’ ही आघाडीची कथा नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांच्याविरुद्ध गट बांधणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे एकाच पक्षाचे, एकाच मंत्रिमंडळातले आहेत. कादंबऱ्या १९७८च्या निवडणुकीआधीच्या, चित्रपट तिच्यानंतरचा. त्यामुळे प्रेक्षकाने त्यात ताजा इतिहास पाहिला.

तो इतिहास आकड्यांत असा : २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. दोघींची बेरीज १३१, बहुमताला हवेत १४५. मार्चमध्ये आलेले हे सरकार जुलैत पडले. शरद पवारांनी बाहेर पडून जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे सरकार बनवले.

मराठी स्मृतीत हे सारे ‘पाठीत खंजीर’ या शब्दांत साठवले गेले. खंजीर म्हटला की प्रश्न माणसाच्या इमानाचा होतो. १३१ची बेरीज कुणी विचारत नाही. पण विश्वासघात हेच कारण मानले, तर पुढचे कोडे सुटत नाही. पुलोदमध्ये समाजवादी होते, पूर्वीचे जनसंघीय होते, शेतकरी कामगार पक्षही होता. विचारांनी इतके दूरचे लोक असूनही ते सरकार दीड वर्षाहून अधिक टिकले आणि संपले तेही दिल्लीहून : फेब्रुवारी १९८०मध्ये ते बरखास्त झाले. एकाच घरातल्या दोन काँग्रेसना मात्र पाच महिनेही काढता आले नाहीत.

माझ्या मते कारण त्या जवळिकीतच आहे. दोन्ही काँग्रेसचा मतदार एक, कार्यकर्ता एक, साखर कारखाने आणि जिल्हा परिषदांमधली जागाही एकच. जोडीदार वाढला की आपण घटणार, ही भीती पहिल्या दिवसापासून होती. पुलोदमधल्या पक्षांची ताटे बरीचशी वेगळी होती.

इथे साधू पुन्हा उपयोगी पडतात. जिवाजीरावांना धोका विरोधी बाकांवरून नाही, शेजारच्या खुर्चीवरून आहे. दाभाडे जवळचे आहेत म्हणूनच घातक आहेत. हे निरीक्षण व्यक्तीच्या स्वभावापेक्षा सत्तेच्या रचनेबद्दल अधिक सांगते. आपण त्यातून फक्त महत्त्वाकांक्षेची गोष्ट उचलली.

याचा थोडा दोष चित्रपटाकडेही जातो. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचे ते हसू विसरता येत नाही, पण त्या हसण्यापुढे सगळे राजकारणी सारखेच ठरतात. मग कोणते सरकार का पडले आणि कोणते का टिकले, हे विचारायचे कारणच उरत नाही. एकीला मत देऊन दोघींचे सरकार पाहिलेल्या १९७८च्या मतदाराला मात्र त्याचे उत्तर मिळायला हवे होते.