क्यूजीआयएसची ऑनलाइन सत्रं : बटण कळतं, निर्णय कळतो का?

नकाशावर आधारित संशोधन करायचं ठरवलं की हल्ली पहिला सल्ला ठरलेला असतो: "क्यूजीआयएस शिकून घे, फुकट आहे, यूट्यूबवर सगळं मिळतं." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्यूजीआयएसची सुरुवात गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये केली आणि १.० ही आवृत्ती २००९ मध्ये आली. मुक्तस्रोत असल्यामुळे याला परवाना शुल्क नाही, आणि एखादं साधन आत नेमकं काय गणित करतं ते कुणालाही उघडून बघता येतं. या प्रकल्पाभोवतीचे लोक 'क्यूजीआयएस ओपन डे' नावाची ऑनलाइन सत्रं घेतात, साधारण महिन्यातून एकदा. वक्ते बहुतेक करून आपणहून पुढे आलेले असतात. सत्र थेट प्रक्षेपित होतं आणि नंतर रेकॉर्डिंगही बघता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातला विद्यार्थी आणि परदेशातला अनुभवी विकासक एकाच चॅटमध्ये असतात. ही गोष्ट छोटी नाही. प्लगिन लिहिणारा माणूस स्वतः ते प्लगिन समजावून सांगतोय, असं आपल्या किती विषयांत घडतं?

मग तक्रार काय आहे? या प्रकारच्या सत्रांमध्ये डेटा जवळपास नेहमी आधीच तयार केलेला असतो. फाइल उघडते, थर एकावर एक नीट बसतात, साधन चालतं आणि पाचव्या मिनिटाला रंगीत नकाशा तयार होतो. संशोधनात मात्र खरं काम या पाच मिनिटांच्या आधी असतं, आणि नेमकं तेच पडद्यामागे राहतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा विषय गडचिरोलीतले वनहक्क दावे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कसत असलेल्या जमिनीच्या हक्काला चार हेक्टरची कमाल मर्यादा आहे. तुम्ही सत्रात बघितल्याप्रमाणे आधी ओपनस्ट्रीटमॅपची पार्श्वभूमी घेतली. ती पहिली घेतली की प्रोजेक्ट आपोआप वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये जातो. त्यातच प्लॉट रेखाटला, थर त्याच प्रोजेक्शनमध्ये साठवला आणि क्षेत्रफळ काढलं. वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जसजसं लांब जाऊ तसतसं क्षेत्रफळ फुगतं. गडचिरोलीच्या अक्षांशावर, म्हणजे वीस अंशांच्या आसपास, ते साधारण १३ टक्क्यांनी जास्त येतं. म्हणजे जमिनीवर ३.६ हेक्टर असलेला प्लॉट तुमच्या तक्त्यात ४.१ हेक्टरच्या जवळ जातो. कायद्याच्या आत असलेला माणूस तुमच्या प्रबंधात कायद्याबाहेर गेला! आणि सॉफ्टवेअरने कुठेही लाल अक्षरात इशारा दिलेला नसतो.

गंमत म्हणजे क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन फंक्शन्स आहेत. डॉलरचं चिन्ह असलेलं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये निवडलेला पृथ्वीचा लंबगोल विचारात घेतं. नुसतं 'एरिया' थराच्या प्रोजेक्शनमध्ये सपाट मोजणी करतं. सत्रात यांपैकी एक वापरलं जातं, उत्तर येतं आणि वक्ता पुढे सरकतो. हेच का वापरलं, यासाठी तीस सेकंद पुरली असती.

यूटीएमचंही तसंच. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. अमरावती शहर एका पट्ट्यात, नागपूर दुसऱ्यात. विदर्भाचा अभ्यास करणाऱ्याने कोणता पट्टा घ्यायचा? याचं एकच बरोबर उत्तर नाही, पण तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात त्याचं कारण लागतं. व्हायवात परीक्षक विचारतात ते हेच.

आणि मराठीचा प्रश्न तर बहुतेक वेळा निघतच नाही. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे 'तालुका' हे शीर्षकसुद्धा पूर्ण मावत नाही. जिओपॅकेज वापरलं की ही अडचण सुटते. सत्रांची भाषा बहुधा इंग्रजी आणि डेटाही इंग्रजी, त्यामुळे ही अडचण वक्त्याला कधी येतच नाही.

यावर कुणी म्हणेल, ही सत्रं संशोधकांसाठी नाहीतच, ती सॉफ्टवेअरची ओळख करून देण्यासाठी आहेत. मान्य. पण आपल्याकडे अनेक विद्यार्थ्यांसाठी हेच एकमेव प्रशिक्षण असतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'शी तुलना करून बघा. तिथे साधारण दहा मिनिटांचा पाठ असतो, शेजारी सॉफ्टवेअर उघडून सोबत करायचं असतं आणि शेवटी स्वाध्याय असतो. तिथे थेट प्रश्न विचारण्याची मजा नाही, पण हात चालतो. ओपन डेमध्ये माणसं भेटतात, पण हात मांडीवर राहतो.

मग आपण काय करायचं? सत्र सोडू नका, बघण्याची पद्धत बदला.

पहिलं, वक्त्याच्या डेटावर नाही, तुमच्या डेटावर तेच करून बघा. जिथे अडेल तिथेच तुमचं शिकणं सुरू होतं.

दुसरं, वक्त्याने न बदलता तशीच ठेवलेली प्रत्येक सेटिंग लिहून काढा. "हे असंच का ठेवलं?" हा चॅटमध्ये विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे.

तिसरं, प्रोसेसिंगचा इतिहास जपून ठेवा. कोणतं साधन कोणत्या मूल्यांनी चालवलं याची नोंद क्यूजीआयएस स्वतः ठेवतं. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणाचा तो कच्चा खर्डाच आहे.

चौथं, रेकॉर्डिंगची आवृत्ती बघा. २०१८ मध्ये ३.० आली तेव्हा पायथन २ वरून ३ वर उडी झाली आणि जुनी प्लगिन्स तशीच्या तशी चालेनाशी झाली. त्याआधीचा व्हिडिओ कितीही सोपा वाटला तरी जपून.

आयोजकांकडे मागणी एकच: अधूनमधून एक सत्र असं ठेवा, ज्यात सहभागी व्यक्तीचा अस्वच्छ, अर्धवट डेटा थेट उघडला जाईल आणि तज्ज्ञ माणूस कुठे अडतो, काय तपासतो, काय सोडून देतो ते सगळ्यांना दिसेल. आणि ही मागणी करून थांबायचंही कारण नाही. वक्त्यांची यादी बंद नाही. विदर्भाचे दोन पट्टे आणि देवनागरी रकाने घेऊन तुमच्यापैकीच कुणी अर्धा तास बोललं, तर ते सत्र मी पहिल्या रांगेत बसून बघेन.