निगेटिव्ह म्हणजे नक्की काय?

जून 2020 मध्ये आयसीएमआरने कोविडच्या रॅपिड अँटिजेन टेस्टला मान्यता दिली. सूचनापत्रातले आकडे बघा: स्पेसिफिसिटी 99.3 ते 100 टक्के, सेन्सिटिव्हिटी 50.6 ते 84 टक्के. म्हणजे 100 बाधितांपैकी 16 ते 49 जण निगेटिव्ह येऊन सुटणार!

एवढा फरक का? व्हायरल लोडमुळे. या टेस्टमध्ये पीसीआरसारखं अ‍ॅम्प्लिफिकेशन नसतं. विषाणू कमी असेल तर पट्टीवर रेघच उमटत नाही. म्हणूनच लक्षणं असलेल्या निगेटिव्ह माणसाची आरटी-पीसीआर करा, असं त्याच पत्रात होतं.

माझा आक्षेप टेस्टवर नाहीये. ती अट विसरून निगेटिव्हला 'कोविड नाही' समजण्यावर आहे. त्यामुळे पेपरमध्ये सेन्सिटिव्हिटी दिसली की आधी विचारा: तपासलं कोणाला, आणि आजाराच्या कितव्या दिवशी?