ईम्स-अहवालातील लोटा : एक परीक्षण

चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने या देशात हिंडले व एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी सरकारला एक छोटेखानी अहवाल सादर केला. आज ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १९६१ साली अहमदाबादेस स्थापन झाली, ती या अहवालाची फलश्रुती होय. वाकविलेल्या प्लायवुडच्या खुर्च्या आणि कारखान्यातील तयार भाग जुळवून १९४९ साली लॉस एंजेलिस येथे उभारलेले स्वतःचे घर यांमुळे हे दांपत्य तोवर विख्यात झाले होते. अशा रचनाकारांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंत पहिला मान दिला तो लोट्याला. अहवालातील इतर शिफारशी विस्मृतीत गेल्या तरी लोट्याचा तेवढा उतारा आजही उद्धृत केला जातो. तो बहुधा वंदनेच्या भावनेने उद्धृत होतो, परीक्षणाच्या नव्हे.

उताऱ्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. लोटा नव्याने घडवावयाचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, याची तेथे एक लांबलचक यादी आहे. किती पाणी आणावयाचे, धरणाऱ्या हाताचा आकार व बळ, डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचे, भरलेल्या, रित्या आणि ओतताना कललेल्या भांड्याचा तोल, आत हात घालून घासता येईल इतके तोंड, ऊन द्रव असताना पकड, दगडावर ठेवताना होणारा नाद, मोडीत काढल्यास येणारी किंमत. एवढेच नव्हे, तर ते दुसऱ्यास देताना काय वाटते, येथपर्यंत ही प्रश्नमाला जाते. हे भांडे कोणा एका व्यक्तीच्या बुद्धीतून निघालेले नाही, अनेक पिढ्यांनी ते घडविले, हा तिचा निष्कर्ष. सौंदर्याची चर्चा अलंकरणापासून सोडवून उपयोगाच्या तपशिलात नेणारे इतके नेमके लेखन आपल्याकडील कलासमीक्षेत क्वचितच आढळेल.

परंतु मराठी वाचक प्रथम अडखळतो तो ‘कमरेवर’ या शब्दापाशी. कमरेवर घेतात ती घागर किंवा कळशी. तांब्या हातात धरतात. घागरीचा फुगीर घेर कमरेच्या वळणावर टेकतो आणि तिच्या आवळ गळ्याभोवती हात किंवा दोरी अडकते. तांब्याच्या गळ्याला पाचही बोटांनी कवेत घ्यावयाचे असते. हंडा, कळशी, तांब्या, गडू, फुलपात्र या प्रत्येक नावामागे वजन, धरण्याची रीत आणि घरातील जागा यांचा वेगळा निवाडा आहे. पिढ्यांनी घडविले असे जे म्हणतात ते नेमके या भेदांत साठलेले आहे. ‘लोटा’ या एका नावाखाली ते सारे गोळा केल्याने वस्तू काव्यमय झाली, पण थोडी धूसरही झाली. (पितळेचा झाला तरी तांब्या आपले तांब्याचे नाव टाकीत नाही, हीही या भाषेची एक साक्षच.)

दुसरी उणीव घडविणाऱ्यासंबंधीची. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जे मठारकाम चालते, त्यात हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्याला चकाकी येते आणि त्याच ठोक्यांनी धातू कठीणही होतो. म्हणजे जे नक्षीसारखे दिसते ते वस्तुतः बळकटीचे साधन आहे. ईम्स यांच्या यादीला याहून सोयीचे उदाहरण मिळाले नसते. पण ‘अनेक पिढ्या’ म्हटले की तांबट, कासार, कल्हईवाला हे सारे एका आदरणीय धुक्यात विरून जातात. पुढे प्लास्टिकच्या घागरीने आकार जुनाच ठेवला आणि वजन मात्र उतरविले. तिच्याविषयी हळहळणारे बहुधा पाणी वाहणारे नसतात.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. चिंच आणि राख यांनी खेड्यातील स्त्रिया रोज पितळेचे सोने करतात, असे ईम्स मोठ्या कौतुकाने नोंदवितात. चिंच म्हणजे आम्ल व राख म्हणजे क्षार. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, पितळ, कासे इत्यादी धातूंच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि पाणी हीच द्रव्ये सांगितली आहेत. जे पाहुण्यांना केवळ चकाकी म्हणून दिसले, ते येथे शौचाशौचाच्या व्यवस्थेचेही अंग होते. धातूचे भांडे ‘बाटले’ तर घासून परत घेता येते, मातीचे टाकून द्यावे लागते. भांड्यांच्या निवडीत ही गणना शतकानुशतके चालू होती. वरून धार धरून ओंजळीत पाणी पाजण्याच्या रीतीत ओठ भांड्याला लागत नाही. ती स्वच्छतेची रीत आहे, आणि अस्पृश्याला पाणी घालण्याचीही तीच रीत होती. ओतताना तोल कसा राहतो हे यादी विचारते. कोण कोणासाठी किती उंचीवरून ओततो, हे विचारीत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने भरलेली मडकी तळ्यात बुडवून त्याची ‘शुद्धी’ केली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेतील नळाची हकीकत सांगितली आहे: स्पृश्याने तोटी उघडल्याखेरीज त्यांना पाणी मिळत नसे, आणि ते काम शिपायाचे असल्यामुळे तो नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. तेथे लोटा नव्हता, नवे यंत्र होते. हाताचा प्रश्न तोच होता.

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० साली रद्द केली आणि तिच्याविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला. अहवाल त्यानंतर तीन वर्षांनी आला. थोडे महिने येथे काढलेल्या पाहुण्यांना ही बाजू दिसली नाही, याचा त्यांना फारसा दोष देता येत नाही. त्यांची यादी बंद नव्हती. तिचा घाटच भर घालावयास सांगणारा आहे. ती इतकी वर्षे पाठ म्हणणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी तीत ही एक ओळ वाढवावयास हरकत नव्हती.