‘ख्रिस्तायन’ आणि आत्मार्पण

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ साली नाशिक येथे त्यांचाही देहान्त झाला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज तो नावाने जाणणारे पुष्कळ, वाचणारे थोडे.

याचे एक कारण विषयातच आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर सर्वांचे पाप आपल्या शिरी घेतले, ही ख्रिस्ती श्रद्धा. ज्याचे कर्म त्यानेच भोगावे असे मानणाऱ्या मनाला ती सहजासहजी पटत नाही. दधीची आम्हांस परिचित आहे. पण त्याने अस्थी दिल्या, कोणाचे पाप घेतले नाही. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हापासून ओवीपुढे ही अडचण उभी आहे. ओवीत सिद्धान्त रुजत नाही असे नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’त तो रुजलाच. परंतु तेथे वक्ता व श्रोता यांची भूमी एक होती.

मग हे आत्मार्पण मराठीत पटते कोठे? माझ्या मते ‘स्मृतिचित्रां’त. जलालपूरच्या सोवळ्याचे वेड असलेल्या घरात जन्मलेली ही स्त्री १८९५ मधील पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडते, १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते, आणि परक्यांची निराधार पोरे पोटाशी धरते. त्यागाचा उच्चार मात्र कोठेही नाही. उलट स्वतःची थट्टाच अधिक.

याच ग्रंथात एक कठीण प्रश्नही दडलेला आहे. टिळक हातचे सहज देऊन टाकीत. वाणसामानासाठी दिलेल्या पैशांची दौत घेऊन येत. १९१७ साली मिशनचे बंधन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हे औदार्य थोर खरे; पण त्याची झीज सोसली कोणी? दुसऱ्याच्या संसारातून केलेले दान हे आत्मार्पण म्हणता येईल काय? लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, तसेच काही झाकूनही ठेवीत नाहीत. या प्रामाणिकपणामुळेच टिळकांचे मोठेपण विश्वसनीय वाटते.

शाळेत न गेलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे काव्य पुढे नेले, हे ध्यानी घेऊन ‘ख्रिस्तायन’ उघडावे. काव्यगुणांत ते ‘स्मृतिचित्रां’हून उणे ठरेल. परंतु वाचकाने आधी ‘स्मृतिचित्रे’ वाचावी आणि मग ‘ख्रिस्तायन’. म्हणजे जे मत म्हणून परके वाटले, ते आचरण म्हणून ओळखीचे वाटू लागेल.